आधी आवाज, मग चित्र

१९६०च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या कुठल्याही टॉकीजमध्ये तिकीट काढून बसलं, की मुख्य सिनेमाआधी काही मिनिटं सरकारी फिल्म पाहावीच लागे. टॉकीजच्या परवान्यातच ती अट होती. मुंबईतल्या मोठ्या चित्रगृहांना ती लागू होती तशीच आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली-खामगावकडच्या टॉकीजनाही. उंद्रीसारख्या गावातून सिनेमाला गेलेला माणूस त्या वेळात धरणाचं उद्घाटन पाही, कुठल्या तरी राज्यातला पूर पाही, मंत्र्यांचे दौरे पाही. आणि या सगळ्यात मधूनच काही वेगळं येऊन जाई. माणसं पावलं न उचलता जमिनीवरून घसरत, वस्तू आपोआप उड्या मारत, आणि कानावर पेटी-व्हायोलिनऐवजी यंत्रातून काढलेले चिरके, गुरगुरते, तुटक ध्वनी येत.

अशा फिल्म करणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होते प्रमोद पती. जन्म ओडिशातला, शिक्षण चेकोस्लोव्हाकियात बाहुलीपटांचे थोर दिग्दर्शक यिरी त्रन्का यांच्या हाताखाली, आणि काम मुंबईत, या सरकारी फिल्म बनवणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. त्यांची ‘क्लॅक्सप्लोजन’ (१९६८) ही कुटुंबनियोजनाच्या प्रचाराची छोटी फिल्म आहे. विषय सरकारी, खर्च सरकारी, पण रूप असं की आजच्या विद्यार्थ्यांनाही दचकवील. ॲनिमेशन आणि आवाज यांच्या प्रयोगांचा आढावा घेताना मी याच गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडचे काही सर्वांत धाडसी प्रयोग कलादालनांच्या नव्हे तर टॉकीजच्या वाटेनं गेले. प्रयोगशील म्हणजे मूठभरांसाठी, हा समज आपण नंतर करून घेतला.

या इतिहासातून दुसरंही एक दिसतं आणि माझं मुख्य म्हणणं तेच आहे. जिथं आवाज चित्राच्या आधी किंवा निदान चित्राबरोबर घडला, तिथं प्रयोगात जीव आला. जिथं चित्रं पुरी झाल्यावर संगीताचा थर वरून दिला गेला, तिथं बहुतेक वेळा नुसती सजावट उरली.

यामागं कारागिरीचं साधं कारण आहे. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम धावतात. हातानं चित्र काढणारा माणूस साधारणपणे एक चित्र दोन फ्रेमसाठी वापरतो, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं आणि मिनिटाला ७२०. एवढी मेहनत आंधळेपणानं करता येत नाही. कुठल्या फ्रेमवर पाऊल टेकणार, कुठल्या फ्रेमवर ओठ मिटणार, हे आधी ठरावं लागतं. ते ठरवायला आवाजासारखं माप दुसरं नाही. म्हणून जाणते ॲनिमेटर गाणं किंवा संवाद आधी ध्वनिमुद्रित करतात, त्यातली प्रत्येक मात्रा, प्रत्येक अक्षर किती फ्रेमचं आहे ते कागदावर मांडतात आणि मग पेन्सिल उचलतात.

जुन्या फिल्मच्या पट्टीत तर आवाज हे एक चित्रच होतं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला, छिद्रांच्या ओळीलगत, एक अरुंद पट्टी असे. तिच्यातल्या काळ्या-पांढऱ्या आकारांतून प्रकाश जाई, त्या प्रकाशाच्या चढउताराची वीज होई आणि विजेचा ध्वनी. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात काम करणाऱ्या नॉर्मन मॅक्लॅरन यांनी त्या पट्टीवर थेट रेघा काढल्या आणि वाद्याशिवाय संगीत तयार केलं. ‘सिन्क्रोमी’ (१९७१) या फिल्ममध्ये त्यांनी आवाजाच्या पट्टीतलेच आकार रंगवून पडद्यावर आणले. प्रेक्षक जे ऐकतो तेच डोळ्यांनी पाहतो. या विषयातली इतकी निखळ फिल्म मी दुसरी पाहिलेली नाही.

मॅक्लॅरन यांचीच एक फिल्म माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध साक्ष देते आणि ती लपवणं बरं नाही. क्लोद ज्युत्रा यांच्यासोबत त्यांनी केलेल्या ‘अ चेअरी टेल’मध्ये (१९५७) एक खुर्ची माणसाला बसूच देत नाही. संगीत रविशंकर यांचं, तबल्यावर चतुरलाल. इथं चित्र आधी झालं आणि वाजवणं नंतर. तरी ते चिकटवल्यासारखं वाटत नाही, कारण वादकांनी खुर्चीला संगतकारासारखं वागवलं आहे. तिच्या प्रत्येक हुलकावणीला तबल्याचं उत्तर आहे. अशी माणसं भेटली तर क्रम उलटा चालतो. दरवेळी ती भेटत नाहीत.

चित्र आणि आवाजाची ही जोडी महाराष्ट्रात मात्र फिल्मच्या बरीच आधीची. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रं एका पोथीत असतात. गायक वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीनं कथा गातो आणि एकेक चित्र प्रेक्षकांपुढं धरतो. चित्र स्थिर, पण गाण्याची लय त्याला चालवते. कुठलं चित्र किती वेळ धरायचं हे गळा ठरवतो. हीच मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही करतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पिंगुळीचं नाव पुन्हा चर्चेत आलं. पण ॲनिमेशन शिकवणाऱ्या संस्थांनी चित्रकथीकडे अजून नीट पाहिलेलं नाही. त्या चित्रांची रंगशैली उचलली जाते, त्यांच्यामागचं गाण्याचं गणित तिथंच राहतं.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९०च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, त्यांतल्या काही सरकत्या, दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडायची आणि सोबत निवेदन, संवाद, संगीत चालू ठेवायचं. माणसाचा हात हलला की पडद्यावरच्या पात्राचा हात हलायचा. भारतात चलच्चित्राचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. रंगीत, बोलती आणि हलती चित्रं पाहणारा मराठी प्रेक्षक त्याआधीच तयार होता.

दादासाहेब फाळके त्याच काळात घडले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना एकेका फ्रेमनं टिपलं. ‘अंकुराची वाढ’ या नावानं ती फिल्म ओळखली जाते. पुढं १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्या हलवायच्या, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायच्या. ती फिल्म आज उपलब्ध नाही. मूकपटाच्या त्या काळात आवाज पडद्यासमोर बसलेल्या वादकांच्या हाती होता, गावागावाला वेगळा, खेळाखेळाला वेगळा. फाळक्यांच्या काड्या नाशिकच्या पेटीवर एका तऱ्हेनं नाचल्या असतील, तर मुंबईच्या पेटीवर दुसऱ्या.

बोलपट आल्यावर पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनं १९३४ साली ‘जंबू काका’ हे व्यंगचित्र केलं. रघुनाथ केळकरांचं ते काम. त्याच वर्षी कलकत्त्यात न्यू थिएटर्सचं ‘द पी ब्रदर्स’ही आलं. प्रभातनं हा धागा पुढं ओढला नाही. संगीताची एवढी जाण असलेल्या कंपनीनं तो सोडला, याचं वाईट वाटतं.

खरी घडी बसली ती १९५६ नंतर. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतल्या कार्टून विभागाला शिकवायला डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स आले. त्यांच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन यांच्यासारखी माणसं तयार झाली. तिथं झालेली ‘द बन्यन डिअर’ (१९५७) जातककथेवर आहे आणि तिच्या चित्रांचा आदर्श अजिंठ्याचा आहे. बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेवर वसलं आहे तिच्याच कुशीतली ती लेणी. पण अजिंठा चित्रात आला तरी हालचालीचं व्याकरण डिस्नेचंच राहिलं. हा पेच पुढं अनेकांना पडला. जहांगीर भावनगरी यांनी ‘राधा अँड कृष्ण’मध्ये (१९५८) त्यातून वेगळी वाट काढली. पहाडी लघुचित्रं त्यांनी पुन्हा रेखाटली नाहीत, त्यांना हलवलंही नाही. कॅमेराच चित्रांवरून फिरवला, संगीताच्या चालीनं. पिंगुळीचा गायक जे हातानं करतो, ते इथं कॅमेऱ्यानं केलं.

भावनगरी १९६०च्या दशकाच्या मध्यावर सल्लागार म्हणून फिल्म्स डिव्हिजनमध्ये परतले आणि त्यांनी दारं उघडली. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी त्या काळात ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ (१९६७) केली. राजस्थानातली माणसं, कंदील, छत्री, जोडा, मधूनच चित्रकाराची रेघ, आणि सुरुवातीची छोटी ओळख सोडली तर निवेदन नाही. ती ॲनिमेशन नव्हे, पण तिच्याशिवाय हा आढावा अपुरा राहील, कारण संगीतानं एका वस्तूला दुसऱ्या वस्तूशी बांधण्याचं काम इतक्या मोकळेपणानं इथं झालं. बर्लिनमध्ये तिला लघुपटांचं सुवर्ण अस्वल मिळालं. संगीत विजय राघव राव यांचं. रविशंकरांचे हे शिष्य, बासरीवादक, फिल्म्स डिव्हिजनच्या नोकरीत होते. पतींच्या फिल्मनाही त्यांचंच संगीत.

पती आणि राव या जोडीबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. ‘एक्सप्लोरर’मध्ये (१९६८) नाचणारी तरुण मुलं, पूजा, प्रयोगशाळा, धार्मिक चिन्हं असं सगळं इतक्या वेगानं येतं की डोळा एकेक चित्र वेगळं धरू शकत नाही. त्याला बांधून ठेवतो तो आवाज. तो कुठल्याच चित्राचं वर्णन करत नाही, पण त्याच्या ठोक्यांमुळं त्या गर्दीला कणा मिळतो. आवाज बंद करून ती पाहिली की नुसता चकवा उरतो. ‘ट्रिप’मध्ये (१९७०) मुंबई फ्रेम-फ्रेमनं टिपली आहे. ‘आबिद’मध्ये (१९७२) चित्रकार आबिद सुरती स्वतःच पिक्सिलेशनचं पात्र होतात, म्हणजे जिवंत माणसालाच बाहुलीसारखं एकेक फ्रेम सरकवलेलं. खोलीच्या भिंती, जमीन रंगत जाते आणि माणूस त्या रंगांतून उगवतो. शब्दांनी समजावणं जवळजवळ नाही. सरकारी खात्यातला माणूस चित्रकाराची ओळख त्याचं चरित्र न सांगता करून देतो, यातलं धैर्य मोठं आहे. पती १९७५ साली गेले, वयाची पंचेचाळिशीही गाठली नव्हती. त्यांच्यानंतर फिल्म्स डिव्हिजनमध्ये ॲनिमेशन चालू राहिलं, पण तो धग असलेला आवाज मला परत ऐकू आलेला नाही.

पती प्रयोग करत होते त्याच सुमारास मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केला. चित्रकार, छायाचित्रकार, फिल्मवाले एकत्र बसून काम करतील अशी जागा. तिथं त्यांनी ‘सिझिजी’ केली. रेषा आणि बिंदूंचं गणिती नातं एकेका चित्रातून उलगडत जातं. राम मोहन यांची तिला मदत झाली. ही फिल्म पूर्ण मूक आहे. ती पाहताना लय स्वतःच्या मनात मोजावी लागते, आणि तेही आवाजाविषयीचं एक ठाम विधान आहे. पदमसींची दुसरी फिल्म ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हिला गीता साराभाईंचं इलेक्ट्रॉनिक संगीत होतं. तिची एकुलती प्रत हरवली. २०१६ साली आशिम अहलुवालिया यांनी पदमसींना सोबत घेऊन तिची आठवण नव्या फिल्ममध्ये उभी केली. याच वर्कशॉपमध्ये तरुण नलिनी मलानी यांनी ‘ड्रीम हाउसेस’ (१९६९) केलं. मलानी आजही हे काम करतात. ‘कॅन यू हिअर मी?’ (२०१८-२०) मध्ये आयपॅडवर बोटानं काढलेली ८८ ॲनिमेशन भिंतींवर एकमेकांवर पडतात आणि आवाज दालनभर फिरतो. जम्मूमधल्या कठुआच्या अत्याचारात मारल्या गेलेल्या मुलीनं त्यांच्या मनात उठवलेला तो आक्रोश आहे.

आता थोडं लोकप्रिय उदाहरण. ‘एक अनेक और एकता’ (१९७४) माहीत नसलेला त्या पिढीचा माणूस विरळा. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं भीमसेन यांची, संगीत वसंत देसाईंचं, आवाज लहानग्या साधना सरगमचा. ही शैक्षणिक फिल्म, तिला प्रयोग कशाला म्हणायचं, असं कुणी विचारील. पण तिची बांधणी पाहा. मुलांचा प्रश्न, त्यावर दीदीचं उत्तर, उत्तरातून गाणं, आणि गाण्याच्या ओळीला चिकटून आकार बदलणारं चित्र. एकाचे अनेक होण्याची कल्पना आधी सुरांत घडते, मग पडद्यावर. देसाई प्रभातच्या मुशीतले. नाटक, कीर्तन, लोकगीत यांतून गाणं दृश्य कसं होतं हे त्यांना ठाऊक होतं. प्रभातनं सोडलेला धागा चाळीस वर्षांनी असा हाती आला, असं मला वाटतं.

पुढच्या काळात पवईच्या आयआयटीतलं औद्योगिक आकृतिबंध केंद्र, म्हणजे आयडीसी, महत्त्वाचं ठरलं. तिथं शिकवलेल्या नीना सबनानी यांची ‘टांको बोले छे’ (२००९) माझ्या मते या संपूर्ण क्षेत्रातली आदर्श कृती आहे. सीमेपलीकडून कच्छमध्ये येऊन वसलेल्या, भरतकाम करणाऱ्या बायका स्वतःची कहाणी स्वतःच्या आवाजात सांगतात. ते आवाज आधी टिपले गेले, आणि त्यांच्याच टाक्यांची चित्रं त्या आवाजावर चालतात. बोलण्यातला अडखळा, हसू, श्वास, सगळं ठेवलं आहे. चित्र गुळगुळीत करण्याच्या मोहात ते कापलं असतं तर फिल्म मेली असती. मुंबईच्या स्टुडिओ ईक्सॉरसनं केलेली ‘कंडिट्टुंडू!’ (२०२१) मल्याळी आहे, दिग्दर्शन अदिती कृष्णदास यांचं, पण रीत तीच. एक म्हातारा माणूस भुतांच्या गोष्टी सांगतो आणि त्याच्या सांगण्याच्या चालीवर काळी-पांढरी चित्रं वेडीवाकडी होत जातात. सांगणाऱ्याचा आवाजच रेषेला वळण देतो.

गीतांजली राव यांची वाट निराळी. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या या चित्रकर्तीनं ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) जवळजवळ एकटीनं रंगवली. एकटी राहणारी वृद्ध स्त्री, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरच्या चित्रांतून उघडणारी जगं. कान महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात ती गौरवली गेली. तिच्यात शब्द नाहीत. फ्लॅटमधला करडा आवाज आणि प्रत्येक काडेपेटीतलं रंगीत संगीत यांच्या फरकावर कथा उभी आहे. फाळक्यांच्या काड्यांनंतर नव्वद वर्षांनी मराठी मुलखात पुन्हा काडेपेटी हलली, हा योगायोग मला आवडतो. सुरेश एरियत यांची मातीकामातली ‘टोकरी’ (२०१७) आणि आयडीसीतून आलेल्या अभिषेक वर्मांची ‘फिश करी’ (२०१७) यांना मिळून ॲनिमेशनचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. दोन्हींत रोजचे आवाज नेमके आहेत, सिग्नलवरची रहदारी एकीत, फोडणी दुसरीत.

इथं उमेश कुलकर्णींच्या ‘गिरणी’ या छोट्या फिल्मचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ॲनिमेशनचा तिच्याशी संबंध नाही. पण घरात बसवलेल्या पिठाच्या गिरणीचा आवाज एका मुलाचं बालपण कसं व्यापतो, हे तिनं केवळ कानांवाटे सांगितलं. मराठी घरातला आवाज कथेचं मुख्य पात्र होऊ शकतो याचा तो पुरावा आहे.

आता हा सगळा नकाशा पाहिला की एक मोठी मोकळी जागा दिसते. बंगाली, मल्याळी, कच्छी आवाजांवर ॲनिमेशन झालं. मराठीतल्या, त्यातही वऱ्हाडी बोलीच्या आवाजावर उभी राहिलेली अशी फिल्म माझ्या पाहण्यात नाही. आणि आमच्या वऱ्हाडात ऐकण्यासारखं कमी नाही. पोळ्याला बैलांच्या रांगेसमोर म्हणतात त्या झडत्या, त्यांतली टोमण्याची उसळी. तुकडोजी महाराजांच्या भजनांतली खंजिरी. डौर वाजवणारे भराडी. आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर होणारी भुलाबाईची गाणी. त्यांतल्या कित्येक गाण्यांची रचना साखळीची असते. एका वस्तूतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि शेवटी सगळं परत पहिल्याशी. ॲनिमेशनला हवी तशीच ही मांडणी आहे. गाणं जिथं वळतं तिथं चित्र वळायला सांगतं, वेगळी पटकथा लागत नाही.

साधनांची अडचण आता पूर्वीइतकी नाही. स्टॉप-मोशनची फुकट ॲप फोनवर आहेत. चित्र म्हणून ज्वारीचे दाणे, कापसाची बोंडं, सरकी, खडू, काड्या काहीही चालतं. अडचण ऐकण्याची आहे. चित्रकलेच्या तासाला मुलांना रंग मिळतो. आवाज कसा टिपावा, वारा कसा टाळावा, फोन तोंडापासून किती दूर धरावा, शांतताही का टिपावी, हे कुणी शिकवत नाही. त्यामुळं मुलं फिल्म करतात आणि शेवटी इंटरनेटवरचं तयार संगीत तिच्यावर ओततात. ती फिल्म उंद्रीतली आहे की आणखी कुठली, हे मग डोळे मिटून कळत नाही.

दाखवण्याची अडचणही तितकीच मोठी. टॉकीजमधली सरकारी फिल्मची सक्ती १९९० नंतर हळूहळू मावळली. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालं. १९९० पासून मुंबईत भरणारा माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव चालू आहे, पण तो मुंबईत आहे. पतींच्या कितीतरी फिल्म आता यूट्यूबवर पाहता येतात, ही चांगली गोष्ट. मात्र फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर विजय राघव रावांचे खालचे स्वर पोचतच नाहीत. निदान इयरफोन लावून पाहाव्यात, आणि शाळेत दाखवताना प्रोजेक्टरला बाहेरचा मोठा स्पीकर जोडावा.

आपल्या आवाजावर अशी फिल्म करायला कुणाला सुरुवात करायची असेल तर हिशेब असा आहे. भुलाबाईचं एखादं गाणं ज्यांना पूर्ण येतं त्या आजींचा आवाज आधी टिपायचा, सगळी कडवी, मध्ये थांबल्या तर तेही. त्यातलं एक मिनिट निवडायचं. टाळी अर्ध्या सेकंदाला पडत असेल तर एका टाळीत सहा चित्रं बसतात. मिनिटाची ७२० चित्रं. वर्गात तीस मुलं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला चोवीस, म्हणजे प्रत्येक मुलाकडे आजीच्या चार टाळ्या. कुणाच्या टाळ्या कुठं सुरू होतात आणि पुढच्या मुलाला चित्र कुठल्या स्थितीत द्यायचं, एवढं फळ्यावर लिहून ठेवलं की काम सुरू करता येतं.